आयरिशच्या वर्गात आईचा फोटो

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला तरी का सांगतेय — तेही धड कळत नाही.

इथे अमेरिकेत, हर्नडन गावच्या लायब्ररीत दर मंगळवारी संध्याकाळी मी आयरिश शिकायला जाते. धुळ्याकडची मुलगी, घराण्यात कॉलेजला गेलेली पहिलीच, आणि मास्टर्सचा अभ्यास बाजूला ठेवून आयरिश? रूममेट्स हसतात. पहिल्या दिवशी वर्गात प्रत्येकानं आपलं कारण सांगितलं. एक निवृत्त पोस्टमन म्हणाला, आजीची भाषा होती. वडिलांना त्या भाषेची लाज वाटायची, म्हणून घरातून गेली. मग माझी पाळी आली. मी म्हटलं, मला ही भाषा कानाला गोड लागते.

खोटं होतं ते.

आमच्या घरी अहिराणी बोलतात. रूममेट्स दोघी पुण्याच्या. त्यांच्यापुढे मी एकेक शब्द तपासून बोलायचे. दोन वर्षांपूर्वीचा रविवार. फोन कार्ड खरवडलं, नंबर दाबला. रिसीव्हर बिघडलेला, म्हणून स्पीकरवर. आई नेहमीसारखी मोठ्यानं — "कशी शेस व बेटी? जेवनी का?"

"अय्या, कोण गं ही? कसली क्यूट बोलते यार!" शेजारी बसलेली रूममेट म्हणाली.

आई — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, आमच्याकडे कामाला येतात ना, त्या मावशी.

स्पीकर चालूच होता. मग आईचा आवाज, एकदम हळू — "ताई, तुमनी माय घर नही. उनी का सांगसू."

आई घरी नाही, आली की सांगते — हे माझ्या आईनंच मला सांगितलं. ताई म्हणून. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. आणि मी? मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला.

त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. आता मी दार लावून अहिराणीत विचारते — माय, कशी शेस? ती उत्तर देते, "मी बरी आहे. तुझा अभ्यास कसा चालला आहे?" बातम्या वाचल्यासारखं, जपून जपून. कुठून शिकली? विचारायला तोंड नाही.

म्हणून आयरिश. जिथे लाज वाटलेल्यांची मुलंनातवंडं येऊन बसतात, तिथे आपणही बसावं — एवढंच. त्यानं काय होणार होतं?

गेल्या मंगळवारी घरच्यांचा फोटो आणायला सांगितला होता. मी उभी राहिले, फोटो वर धरला आणि आयरिशमध्ये म्हणाले — ही माझी आई. उच्चार चांगला जमला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टमननंही.

घरी आले तेव्हा फोटो हातातच होता. रूममेटनं पाहिला. "अगं, या त्या मावशी ना? बऱ्या आहेत?" चेहरा तिनं कधी पाहिलेला नव्हता, स्पीकरवरचा आवाज तेवढा ऐकलेला; साध्या लुगड्यावरून नुसता अंदाज.

मी म्हणाले, बऱ्या आहेत.