श्रीवर्धनच्या वाटेवर गाडी गार होईना

आमच्या घरात उन्हाळ्याची सुट्टी नव्हती. उन्हाळा हाच धंदा होता. आई-बाबा दोघंही मिठागरावर मजूर. दिवाळी सरली की वाफ्यांतला चिखल पायांनी मळायचा, बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि ऊन चढलं की लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचं. ढग आला की जग सुखावतं. आमच्याकडे चैत्रात आभाळ भरून आलं की आईचा चेहरा उतरायचा. ऊन कमी तर मीठ कमी, आणि मीठ कमी तर चूल कमी. पायांना भेगा आणि भेगांत मीठ, हे तर रोजचंच.

बाबा एकदा मिठाच्या ट्रकवर हमाल म्हणून श्रीवर्धनला जाऊन आले. समुद्राचं त्यांनी काहीच सांगितलं नाही. खारं पाणी आमच्या दारातही होतंच. त्यांनी सांगितलं ते सुपारीच्या वाड्यांचं. "भर दुपारी ऊन जमिनीवर पडत न्हाय गो. तुला एकदा नेतो. नुसतं बसायचं."

"कधी?" आई विचारायची.

"मीठ उरकलं की."

मीठ उरकलं की भाताची लावणी यायची. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बाबा गेले, आणि ते नेणं राहून गेलं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, पुढे विजेवर चालणारी गाडी घेतली. पण तोवर आईला ऊन सोसेनासं झालं होतं. जन्मभर उन्हात उभी राहिलेली बाई अंगणात भोवळ येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, लांब न्यायचं तर थंड गाडीतून न्या, नाहीतर घरीच राहू द्या.

म्हणून या वैशाखात मी शुक्रवारी संध्याकाळी गावी गेले. येताना गाडी आतून बर्फासारखी गार होती. सकाळी लवकर आईला घेऊन निघाले. "मला वारा लागू दे," म्हणून तिने काचा उघड्या ठेवायला लावल्या. माणगावला गाडी चार्ज केली, तोवर ऊन तापलं होतं. काचा वर घेतल्या, एसी लावला, आणि तोंडावर भट्टीची हवा आली.

आकडा अगदी खाली आणला. बॅटरी वाचवायची सोय बंद केली. बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवली. हवा भरपूर येत होती, म्हणजे आतली गाळणी तुंबलेली नव्हती. पण हवा गरमच. मग आठवलं, या गाड्यांत बॅटरीलाही तोच थंडावा लागतो आणि चार्जिंगनंतर तापलेली बॅटरी तो आधी ओढते. झाडाखाली थांबून वाट बघितली. काही फरक नाही.

सर्व्हिसवाल्याला फोन लावला. "मॅडम, गॅस गेला असेल. सोमवारी घेऊन या. आणि त्या नारिंगी केबलना हात लावू नका हां, करंट जबर असतो."

सोमवारी! शेजारी आई लाल झाली होती. पदराने वारा घेत म्हणाली, "यापरीस मिठाचा टेम्पो बरा. गरम हवा फुकट मिलते." मग थोड्या वेळाने, हळूच, "परत जाऊ गो बाय. तुझ्या बाबाला जमलं न्हाय, ते तुला कसं जमंल?"

ते मला लागलं. म्हटलं, थांब. काल संध्याकाळी गार होती, तर एका रात्रीत काय बदललं?

खाली उतरले. पुढचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता. पंखा एवढा फिरतोय तर पुढच्या जाळीतून वारा आत ओढला जायला हवा. जाळीशी हात धरला. काहीच ओढ नाही. गाडी पूर्ण बंद केली आणि गुडघ्यांवर बसून वाकले. खालच्या जाळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत कापड ठासलेलं होतं. ओढलं तर आधी गोणपाटाच्या पट्ट्या आल्या आणि मागोमाग बाबांचा चौकडीचा पंचा. मीठ ओढताना ते डोक्याला बांधायचे, तो.

"आये, हे काय?"

"काय म्हंजे? रातभर खाडीचा वारा हाय. खारा वारा लोखंड खातो. तुझा बाबा सायकलीला कापड गुंडालून ठेवायचा ना?"

"मग मला सांगायचं तरी!"

"त्यात काय सांगायचं? सायकलीचं तो सांगत होता काय?"

मी पंचा झटकला. म्हटलं, "आये, उघाडी बंद केली तर वाफ्यात पाणी येईल काय?"

"कुठून येल?"

"तसंच. गाडी आतली उष्णता या जाळीपाशी टाकते. वारा कोंडला की यंत्र तापतं आणि आपोआप बंद होतं."

"मग तू आधी सांगायचं ना!" आई म्हणाली.

गाडी सुरू केली. पंख्याचा आवाज उतरला, आणि जरा वेळाने हवा गार यायला लागली. मी तो पंचा नाकाशी नेला. किती पावसाळे धुतलेलं कापड. त्याला नुसता धुळीचा वास. बाबांचा काहीच नव्हता. मागची सीट आरशात रिकामी दिसत होती. म्हसळ्याच्या अलीकडे आईला थंडी वाजायला लागली. तिने पंचा खांद्यावरून ओढून घेतला आणि म्हणाली, "कमी कर गो, गारठले."

भर दुपारी आम्ही श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीत बसलो होतो. आई जमिनीकडे निरखून बघत होती. पानांमधून उन्हाचे चार ठिपके खाली आले होते.

"थोडं पडतं गो," ती म्हणाली. "खोटं बोलला तो."

आणि हसली. बाबांनी कबूल केलेल्या सावलीत आई बसली. मी तिला नेलं.