जब्बारने न घेतलेलं माप

कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत जब्बार मिस्त्री मोटारसायकलींना नवी हँडलं बसवायचा. समोरच माझं वह्या-पुस्तकांचं दुकान, त्यामुळे त्याचं काम मी रोज फुकटात बघत असे. हँडल उंच केलं की जुन्या केबली अपुऱ्या पडतात, म्हणून क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटरच्या लांब केबली तो स्वतः बनवायचा. मग मालकाला गाडीवर बसवून, इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवायला लावायचा. वळवताना इंजिनाचा आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल आखूड, वळणावर ती ताणली जाणार. एका फौजदाराला त्याने तीनदा बसवून उठवलं होतं.

१९८६ साली कोथरूडचे हिंदुराव सुनेला घेऊन आले. सुनीतीबाई वारज्याच्या शाळेत शिक्षिका. वारलेल्या नवऱ्याची मोटारसायकल त्या स्वतः चालवायला शिकल्या होत्या, कारण शाळेच्या वेळेला बस नव्हती. पण हँडलापर्यंत हात नीट पोचेनात.

"इकायची नाय म्हणती," हिंदुराव म्हणाले. "मग करा तिच्या मापाची."

जब्बारने माप घेतलं ते हिंदुरावांच्या हातांचं, आणि अंदाजाने चार बोटं कमी धरली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. चौथ्या दिवशी गाडी तयार झाली. सुनीतीबाई बाजूला उभ्या राहूनच म्हणाल्या, "अजून थोडं वर घेता येईल का?"

त्याने नट सैल केले, हँडल वर ओढलं आणि पुन्हा आवळलं. आता बाईंना बसवून ते वळवून बघायचं, एवढंच उरलं होतं. आम्ही गल्लीतले सात-आठ बाप्ये कामधंदा सोडून, बाई गाडीवर कशी बसते ते बघायला उभे होतो. जब्बारने आमच्याकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "झालंय बाई, घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी हिंदुराव टेम्पोत गाडी घालूनच आले. सकाळी शाळेच्या फाटकातून वळताना ती आपोआप उसळली आणि भिंतीवर गेली होती. सुनीतीबाईंचं मनगट मोडलं होतं. जब्बारच्या हातची गाडी अशी वागेल, यावर माझा विश्वासच बसेना. त्याने इंजिन चालू करून हँडल टोकापर्यंत वळवलं, आणि सगळी गल्ली त्या आवाजाने दणाणली. केबल बोटभर आखूड पडत होती. तो तिथेच जमिनीवर बसला.

"मेली असती हो ती," एवढंच तो बोलला.

"जिती हाय, लई झालं," हिंदुराव म्हणाले. "आता गाडीला गिऱ्हाईक बघा."

पंधरवड्याने सुनीतीबाई रिक्षातून एकट्या उतरल्या. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. जब्बारने नवी केबल घातली होती, पण गिऱ्हाईक यायचं होतं. त्या सरळ गेल्या आणि स्टँडवरच्या गाडीवर टांग टाकून बसल्या. आम्ही पुन्हा जमलोच.

"त्या दिवशी मला बसवून का नाही पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

जब्बारची नजर तेवढी आमच्याकडे वळली. बाईंनीही मान वळवून आम्हाला एकेकाला नीट पाहून घेतलं.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मग आज यांचं बघून होऊ दे. जब्बारभाई, आपण माझं माप घ्या. गाडी विकायची नाही."

जब्बार टेप घेऊन पुढे झाला. आम्हाला मात्र जागचं हलता येईना. ते मनगट आम्ही मोडलं होतं, आणि हे त्या बाईला आमच्या तोंडांकडे बघूनच कळलं होतं.