कोपऱ्यातला घास

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. मी शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली. तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं होतं, आता स्वतःच्या हातांना काहीतरी शिकवावं असं वाटत होतं. मशीनवर गोधडी शिवायची म्हणजे दोन कापडांच्या मध्ये जुन्या साड्यांचे थर घालायचे, कापड पुढे सरकवणारे मशीनचे खालचे दाते झाकायचे आणि सगळं जड प्रकरण हातांनी फिरवत त्यावर शिलाईची नक्षी काढायची. फोनवर बघताना फार सोपं वाटतं. माझ्या पहिल्या गोधडीवरच्या ओळी मात्र अशा गेल्या होत्या, की वर्गात कुणी तशी आकृती काढली असती तर मी वही फेकून दिली असती.

सरावाला इतक्या गोधड्या आणायच्या कुठून? इथे चंद्रपुरात ओळखीच्या बायकांचा एक गट आहे. खेड्यांतल्या बायका चिंध्या जोडून गोधडीचा वरचा भाग तयार करतात, गट ते गोळा करतो, कुणीतरी पूर्ण करून देतं आणि थंडीआधी त्या गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेतल्या मुलींना जातात. मी म्हटलं, द्या माझ्याकडे. दानधर्म, सेवा असले शब्द मी तोंडातून काढले नाहीत. मला हात साफ करायचा होता, त्यांना शिवणारं माणूस हवं होतं.

पहिल्या पाच गोधड्यांवर मी हात साफ केला. कुठे चुण्या पडल्या, कुठे शिलाई सुटली, पण मुलींनी तक्रार केल्याचं कानावर आलं नाही. सहावी गोधडी घेऊन एक बाई स्वतःच आली. पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातून, सकाळच्या बसनं. दिवाळीच्या सुट्टीला अजून पंधरा-वीस दिवस होते. तिनं बोचकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाणीही न पिता बोलायला लागली.

"माया बहिणीची हाय, बाई. मोहफुलं वेचाले गेली होती, वाघानं नेली. हे अर्धीच राह्यली. तिची पोरगी त्याच शाळेत हाय, चौथीत. आईनं कबूल केलं होतं, यंदा तुले नवी गोधडी देतो म्हणून. आता पोरगी दुसरं काईच आंगावर घेत नाई. शाळा उघडल्यापासून उघडीच निजते. आता रातची थंडी सुटून राह्यली. तिले हेच पायजे."

मी आठ दिवसांत देते म्हणाले. एवढंच सुचलं. मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही, आणि ही तर रडतही नव्हती.

गोधडी उलगडली. हातानं जोडलेले तुकडे, निळे, पिवळे, एक शाळेच्या गणवेशाचा. टाके इतके सारखे, की माझ्या मशीनला लाज वाटावी. तीन कोपरे उघडे होते. चौथा मात्र सगळ्या थरांसकट घट्ट शिवलेला होता आणि त्यात काहीतरी टणक होतं. पहिल्याच दिवशी माझी सुई त्यावर आपटून मोडली.

मी कोपरा उसवला. आत फडक्यात गुंडाळलेला चिंचोक्याएवढा काळा खडा निघाला. वाळलेलं काहीतरी अन्न असावं. लहान मुलीच्या पांघरुणात असलं काही ठेवून कीड लावायची का? मी तो मागच्या दारातून जांभळाखाली भिरकावला, कोपरा साबणानं धुतला, उन्हात वाळवला. तीस वर्षं मुलींना नखं काप, हात धू म्हणत आले होते, त्याच ठसक्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंग्या आल्या.

मागच्या दारातून एक सरळ रांग, फरशीवरून, मशीनच्या पायावरून वर, आणि गोधडीच्या त्या रिकाम्या कोपऱ्यात. पीठ सांडलं असेल, वास राहिला असेल, मला कारणं भरपूर सुचली. मी स्टूल घेऊन बसले आणि मोजायला लागले. किती आत जातात, किती बाहेर येतात. अर्धा तास मोजत होते. आत जात होत्या. बाहेर एकही येत नव्हती.

गोधडी अंगणात नेऊन झटकली. एक मुंगी पडली नाही.

पुन्हा धुतली. रांगेवर हळद टाकली, मग रॉकेल पुसलं. गोधडी आतल्या खोलीत पलंगावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दुपारी रांग दोन उंबरे ओलांडून पलंगावर, त्याच कोपऱ्याशी.

शिवायला बसले की बाकी सगळीकडे मशीन गुमान चाले. त्या कोपऱ्याशी आलं की दोरा तुटे. दुसरं कापड घातलं की ठीक, कोपरा आला की पुन्हा तुटे. मोटरवाल्याला बोलावलं. त्यानं तेल दिलं, पट्टा बघितला आणि मशीन ठणठणीत आहे म्हणाला. आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. चंद्रपूरचं ऑक्टोबरचं ऊन, खिडकीत कोळशाची धूळ, मानेवरून घाम. आणि गोधडी मांडीवर होती तिथे माझे गुडघे गार पडायचे. ओलं फडकं ठेवल्यासारखे. मला भीती वाटत होती. या वयात, भरदुपारी, स्वतःच्या घरात मला एका पांघरुणाची भीती वाटत होती आणि त्याचा भयंकर रागही येत होता.

सातव्या दिवशी मी त्या बाईला फोन केला. एक कोपरा राहिलाय, म्हटलं.

"घास तर हाय ना त्याच्यात?" तिनं विचारलं.

"कसला घास?"

"आमी गोधडी उपाशी ठेवत नाई, बाई. शिवणारीनं आपल्या ताटातला घास शेवटच्या कोपऱ्यात घालाचा अन् मंग कोपरा बंद कराचा. उपाशी राह्यली का गोधडी पांघरणाऱ्याची ऊब खाते."

"शेवटच्या कोपऱ्यात? पण इथे तर बाकीचे कोपरे उघडेच होते."

"तेच तं. माया बहिणीनं पयलेच घातला. जंगलात गेली त्याच सकाळी. भाकर घेऊन बसली होती, त्यातलाच तोडला. मी म्हटलं, अव काऊन, अजून सारी शिवाची बाकी हाय. म्हणे, राहू दे, आज घालून ठेवतो. उरलेली भाकर फडक्यात बांधली, म्हणे जंगलात खाईन. ते भाकर तशीच भेटली आमाले, मोहाच्या झाडाखाली." मग तिचा आवाज जरा हलका झाला. "पोरीले मी सांगतलं हाय, आईचा घास हाय तुया गोधडीत. तेवढ्यासाठीच वाट पाहून राह्यली ते. हाय ना घास?"

"हो, आहे," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि जांभळाखाली गेले. पानं उचलली, माती चाळली, हातांनी, गुडघ्यांवर बसून. काही सापडलं नाही. इतक्या दिवसांनी सापडणार तरी काय!

त्या दुपारी जेवताना मी पोळीचा एक तुकडा बाजूला काढला. कोपऱ्यात घातला, वर कापड दुमडलं, मशीन सुरू केलं. दोरा तुटला नाही. शिलाई अशी सुरेख आली, की आजवर तशी कधी आली नव्हती. मला मुळीच आनंद झाला नाही.

गटातल्या एका मैत्रिणीच्या गाडीतून आम्ही आश्रमशाळेत गेलो. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, मैत्रीण बडबडत होती, मी मांडीवरच्या गोधडीचा तो कोपरा मुठीत धरून बसले होते. मुलींची जेवणं नुकतीच उरकली होती. अधीक्षिकेनं त्या मुलीला आणलं. सडपातळ, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि आईसारखी असावी अशी शांत. तिनं गोधडी घेतली, पसरली नाही. एकेक कोपरा चाचपत गेली. चौथ्यावर थांबली. दाबून बघितला, नाकाशी नेला.

"हा आईचा नाई," ती म्हणाली. "हा मऊ हाय. याले तेलाचा वास येते."

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण पोर माझ्याकडे बघत होती, आणि मी आयुष्यभर अशाच वयाच्या मुलींना खरं बोला म्हणून छड्या उगारल्या होत्या. मी खरं ते सांगितलं. तुझ्या आईचा घास मी कचरा समजून फेकला, हा माझा आहे, माझं चुकलं.

ती रडली नाही. "कुठी फेकला?"

"घरामागं. जांभळाखाली."

तिनं थोडा विचार केला. मग, बाकावर कोण कुठे बसतं ते सांगावं इतक्या सहज म्हणाली, "मंग आई तुमच्या घरी हाय."

मला मुंग्यांची रांग आठवली, जी मी तिला सांगितली नव्हती.

"तुमी शिवली, तुमचा घास घातला, म्हंजे माई गोधडी उपाशी नाई," तिनं मला समजावलं. "पण आईनं तिच्या भाकरीतला घास मले देल्ला अन् तशीच गेली. भाकर तशीच राह्यली म्हणते मावशी. ते उपाशीच हाय. तिले जेवाले देत जा."

मग तिनं त्या भर उन्हात गोधडी खांद्यांवरून लपेटली आणि वर्गाकडे गेली.

घरी आले तर मशीनवर आता गोधडी नव्हती. नुसतं लाकूड. मुंग्यांची रांग तिथे येऊन थांबलेली होती, गोल करून, वाट बघत असल्यासारखी.

आता माझ्याकडे चौदावी गोधडी आहे. नक्षी बरी जमते. रोज जेवायला बसण्याआधी मी एक घास मोडून मशीनच्या कोपऱ्यावर ठेवते. गव्हाची पोळी नाही, त्यासाठी मी भाकरी करायला शिकले. मुंग्या येतात. मी अजूनही मोजते, सवय जात नाही. जितक्या येतात तितक्या परत जातात. घरात कुणी नसतं, तरी मी मोठ्यानं म्हणते, "पोरीला थंडी वाजत नाही. तू जेव आता."