नावापुढचं एक अक्षर

अकरा वर्षं भाड्यानं दुकान चालवलं ती खोली मालक अखेर मला विकायला तयार झाला. दोन वर्षं मी त्याच्याशी घासाघीस केली होती. पोंगलच्या आत आगाऊ रक्कम द्यायची, नाहीतर खोली त्याच्या मेव्हण्याला, असं ठरलं. मी बँकेत अर्ज घातला. तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अम्मा, तुमच्या नावावर एक कर्ज थकलंय. ते मिटल्याशिवाय आमचे हात बांधलेले."

मी कुणाचं कधी काही थकवलेलं नाही. तंजावुरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मी जुनी पितळी भांडी वजनावर घेते, घासून चमकवून विकते, नव्या भांड्यांवर नावं कोरून देते. सुरुवात केली तेव्हा दुकान नव्हतं. सायकलच्या कॅरियरला गोणी बांधून कालव्याकाठची गावं फिरायचे.

कर्ज देणाऱ्या खासगी कंपनीची कचेरी एका औषधाच्या दुकानावर होती. तिथल्या अधिकाऱ्यानं फाइल उघडली. लग्नाच्या जेवणावळींसाठी मोठी भांडी आणि शेगड्या, हप्त्यांवर. "फोटो तुमचा, आधार तुमचं, सही तुमची. आणखी काय हवं, मॅडम?"

आधारची झेरॉक्स पाहिली आणि मला माझीच चीड आली. नवऱ्याच्या घरी होते तेव्हा, वारंवार झेरॉक्सला धावायला नको म्हणून मी एकदम पंचवीस प्रती काढून सगळ्यांवर सह्या करून ठेवल्या होत्या. कशासाठी, कोणत्या तारखेला, काही न लिहिता. हंडा घेताना मी बूड ठोकून पाहते, आणि ही पंचवीस पानं लोखंडी कपाटात तशीच ठेवून ते घर सोडलं.

मग अर्जावरची सही पाहिली. आमच्याकडे आडनाव कुणी विचारत नाही. नावापुढे एक अक्षर असतं. लग्नाआधी वडिलांच्या नावाचं पहिलं, लग्नानंतर नवऱ्याच्या नावाचं. घटस्फोटाचा हुकूम हातात पडला त्याच महिन्यात मी वडिलांचं अक्षर परत घेतलं. आधार, पासबुक, दुकानाची पाटी, सगळीकडे. रंगारी एका अक्षरासाठी पूर्ण पाटीचे पैसे मागत होता. भांडून पाव किमतीत करून घेतलं. आणि हा अर्ज त्यानंतर आठ महिन्यांचा होता. त्यावर माझं नाव, पुढे आधीच्या नवऱ्याचं अक्षर. सवयीनं लिहून गेला असणार.

"एक अक्षर तर आहे, मॅडम."

"त्या तारखेला या अक्षराची बाई तंजावुरात नव्हती," मी म्हणाले. माझा आवाज खाली औषधाच्या दुकानापर्यंत गेला असावा. पासबुक आणि कोर्टाचा हुकूम त्याच्या टेबलावर आपटला.

त्यानं दोन्ही कागद वाचले, आत जाऊन साहेबांना दाखवले. परत आला तेव्हा सूर मऊ होता. पोलिसांत नवऱ्याविरुद्ध तक्रार द्या, तिची प्रत आणा. मग पुढचं बघू.

तक्रार देण्याआधी मी नवऱ्याला फोन केला. तीन वर्षांनी. एवढ्या रागातही तोंडात 'तुम्ही'च आलं.

"माझ्या नावानं का काढलंत?"

"माझ्या नावाला कोण देतंय? तुझं नाव बाजारात चांगलं." मग हसला. "लग्नांचा सीझन बसला गं. फेडलं असतं. असं कर, अर्धं मी देतो, अर्धं तू. तू त्यांना निम्म्यावर आणशील, मला ठाऊक आहे."

राग याचाच आला की ते खरं होतं. मी आणलं असतं.

"यात घासाघीस नाही. उद्या पोलिसांत जातेय."

तो म्हणाला, "जेवलीस का?"

मी फोन ठेवला. जेवले नव्हते.

तक्रार दिली. पंधरा दिवसांनी कंपनीनं मला त्यांच्या गोदामात बोलावलं. भांडी त्यांनी त्याच्याकडून जप्त करून आणली होती. ती माझी नाहीत असं पाहून लिहून द्यायचं होतं. मोठी पातेली, झारे, भात उपसायचे डाव, एकावर एक रचलेले. अधिकाऱ्यानं एका पातेल्याची कड माझ्याकडे फिरवली. "यावर तर तुमचंच नाव आहे, मॅडम."

होतं. पुढे त्याचं अक्षर. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. लग्नानंतर माझ्या दुकानात नावं कोरायचं काम तोच करायचा, दाराशी बसून, आणि ही शेपटी काही सोडायचा नाही. मी ओरडायचे की गिऱ्हाईक शेपटीचे पैसे देत नाही. दुपारी डबा उघडला की पहिला प्रश्न ठरलेला, "आज भाव किती पाडलास?" मी सांगायचे, आणि तो नेमका हवा तिथं हसायचा.

सगळी भांडी पाहिली. एकूण एक भांड्यावर नाव होतं. कर्जासाठी ते अर्जावर एकदा लिहिणं पुरलं असतं.

"लिहा, मॅडम."

मी लिहिलं, ही भांडी माझी नाहीत. खाली सही केली, वडिलांच्या अक्षरानं, आणि तारीख घातली.

कर्ज माझ्या नावावरून निघालं. बँकेनं पैसे दिले, तेही प्रक्रियेचं शुल्क मी अर्ध्यावर आणल्यावर. पोंगलच्या चार दिवस आधी खोलीची आगाऊ रक्कम मालकाच्या हातात ठेवली आणि तिथंच शेवटचे पाच हजार कमी करून घेतले. मालक कपाळाला हात लावून बसला.

दुकानात आले, शटर अर्धं ओढलं, दहीभाताचा डबा उघडला. पाच हजार, मी मोठ्यानं म्हणाले. दाराशी नावं कोरायचं स्टूल अजून तिथंच आहे. आता कोरायचं कामही मीच करते, शेपटी न ओढता.