आमच्या सड्यावर आहे

"ह्यात काय एवढं! आमच्या सड्यावर आहे." डाव्या हाताने हवा झटकून काका असं म्हणाले की आम्ही एकमेकांकडे बघायचो. सौदीतल्या तबूकच्या आमच्या साइटवरचे हे सुतार, राजापूरकडचे. मॉलमधलं कारंजं दाखवा, वाळवंटातला सूर्यास्त दाखवा, सगळं त्यांच्या गावच्या सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळाच्या माळावर, असायचंच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच की! आता सड्यावरची तीच आपली जमीन चिरेखाणीला द्यायची, त्या पैशात घर बांधायचं आणि कायमचं परतायचं, असं काकांचं ठरलं होतं.

एका शुक्रवारी आम्ही वाळवंटातली जुनी कातळचित्रं बघायला गेलो. कुंपण, फाटक, म्हातारा सौदी राखणदार. आत खडकावर कोरलेले उंट आणि हात वर केलेली माणसं.

मी डिवचलं, "काका, हेही आहे का सड्यावर?"

"आहे तर! हत्ती आहे, मासा आहे, हात वर केलेला बाप्याही आहे."

आम्ही खो खो हसलो. काकांनी मात्र फाटकाशीच बूट-मोजे काढले. गावी त्या चित्रांपाशी कोणी पायात घालून जात नाही म्हणे. पण इथे भर दुपारची वाळू! दोन पावलांतच काका "आई आई गं" करत असे नाचले की राखणदारही पोट धरून हसला. त्याने त्यांना सावलीत ओढलं, पायांवर पाणी ओतलं आणि मोडक्या हिंदीत कारण विचारलं. काकांनी सांगितलं.

"अच्छा सदीक, दोस्त, तुम्हारे गाँव में भी? उधर कौन संभालता है?"

काका कुंपणाकडे बघत राहिले. हवासुद्धा झटकली नाही.

परतताना गाडीतूनच त्यांनी बायकोला फोन लावला. "अगो, खाण खलास! नाही म्हणून सांग त्या खाणवाल्याला. घर? होईल गो सावकाश. आधी चित्रांभोवती दगड रचून गडगा घाला."

म्हणजे घरी परतणं आणखी काही वर्षं लांबलं. फोन ठेवून ते खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होते. त्या दिवसापासून हा माणूस मला फार आवडायला लागला.

गेल्या वर्षी काका गेले एकदाचे गावी. साइटवर आता कशाचंही कौतुक करा, कोणी अडवत नाही. अगदी चुकल्यासारखं होतं.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. दगडी गडग्याशी उभे, अनवाणी. "चला, तुम्हाला आमचा हत्ती दाखवतो." मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"थांबा! आधी पायातलं काढा."

इथे तबूकच्या खोलीत, एसीखाली, मी मुकाट्याने चपला काढल्या.