एका बाकावरच्या जावा

लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत थोरलीचं टेबल दारापासून दुसरं होतं. कुठल्या इमारतीत लिफ्टसाठी जागा तयार आहे, कुठे अजून प्लास्टर ओलं आहे, माल कारखान्यातून कधी सुटणार, बसवणारी माणसं आज कुणीकडे पाठवायची, हे सगळं तिच्या फोनवरून चालायचं. बिल्डर तिच्यावर ओरडायचे, मेकॅनिक तिच्यापाशी रडगाणं गायचे आणि ती दोघांनाही गप्प बसवायची. या कामाला प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात हे तिला चाळिशी उलटल्यावर कळलं, तेही नको त्या रीतीने. प्रोजेक्ट मॅनेजरची जागा रिकामी झाली आणि तिच्याकडेच काम शिकलेल्या एका तरुणाला ती मिळाली. त्याच्याकडे त्या विषयातली पदव्युत्तर पदवी होती. साहेब म्हणाले, तुमच्या कामात खोट नाहीच, पण वर डिग्री विचारतात.

थोरली धुमसतच घरी आली. बरेच दिवस स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटली गेली. मग एके दिवशी तिने त्याच पदवीच्या शनिवार-रविवारच्या वर्गात नाव घातलं.

घर दुमजली होतं. वर थोरली आणि तिचा नवरा, खाली धाकटा दीर आणि धाकटी जाऊ. सासूबाईंची खोली खाली, पण त्यांचं बोलणं दोन्ही मजल्यांवर. धाकटी एका हॉस्पिटलच्या ऑफिसात होती. थोरलीने प्रवेश घेतल्याचं सांगितलं तेव्हा धाकटीने पुस्तकं कोणती, परीक्षा कधी, सगळं खोदून खोदून विचारलं. थोरलीला बरं वाटलं. घरात कुणीतरी आपल्या शिक्षणात रस घेतंय, असं तिला वाटलं. पुढच्या शनिवारी वर्गात धाकटी तिच्याच बाकावर येऊन बसली.

"ताई, तुमच्यामुळे धीर आला," ती म्हणाली. "एकटी आले नसते मी."

"बरं केलंस," थोरली म्हणाली, आणि तेवढं म्हणायला तिला आधी घोटभर पाणी प्यावं लागलं.

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण थोरलीने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरली होती. आता ती रोज तिच्या मनात घोळू लागली. सरांनी काही विचारलं की धाकटीचा हात वर. उत्तर चुकलं तरी ती हसून "अच्छा, असं आहे होय" म्हणायची आणि सर आणखी खुलवून सांगायचे. थोरलीला उत्तर येत असायचं, पण सगळ्यांसमोर चुकण्याच्या भीतीने ते ओठांवरच राहायचं. पहिल्या सत्रात धाकटी वर्गात दुसरी आली. थोरली मध्यावर कुठेतरी.

गुणांपेक्षाही एक गोष्ट तिला जास्त खुपत होती. शनिवारी सकाळी खालच्या मजल्यावर दीर स्वयंपाक करायचा. टॉवेल खांद्यावर टाकून, गाणी म्हणत, मीठ कमी-जास्त करत. धाकटी नुसती पर्स उचलून बाहेर पडायची. थोरली मात्र पहाटे उठून दोन्ही वेळचं करून ठेवायची, वर नवऱ्याचे शर्ट इस्त्रीला टाकायची आणि बसस्टॉपवर धावत जायची. नवरा पेपरामागून "जपून जा" म्हणायचा. सासूबाई एकदा सहज म्हणाल्या, धाकटीने बघ कसं सगळं जमवलंय. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. जमवलंय कुणी, आणि जमवून दिलंय कुणी, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. फोडणी जरा करपली, एवढंच.

शेवटच्या वर्षी गटाने करायचा प्रकल्प आला. धाकटीच्या हॉस्पिटलमध्ये डायलिसिसचा विभाग जुन्या इमारतीतून नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर हलवायचा होता, तोही एकाही पेशंटचं डायलिसिस न चुकवता. सरांना विषय इतका आवडला की त्यांनी धाकटीच्या गटाला तो दिला आणि गटाची प्रमुख अर्थातच धाकटी. थोरली त्याच गटात होती.

धाकटीने झटून काम केलं. यंत्रं कधी हलवायची, पाण्याची जोडणी कधी, नर्सना शिकवायचं कधी, याचा मोठा तक्ता करून तिने खालच्या मजल्यावरच्या जेवणाच्या टेबलावर पसरला आणि थोरलीला हाक मारली. थोरलीने एक नजर टाकली आणि तिला चूक दिसली. नवी इमारत पूर्ण झाल्यावर आठवड्याभरात स्ट्रेचरची लिफ्ट चालू होईल, असं धाकटीने धरलं होतं. ती लिफ्ट मापाप्रमाणे कारखान्यात बनवून घ्यावी लागते, त्यातच महिने जातात. मग बसवणं, मग तपासणी, मग परवाना. तोवर पेशंट वर न्यायचे कसे? पुढचा सगळा तक्ता कोसळत होता.

"कसा झालाय, ताई?" धाकटीने विचारलं.

"छान झालाय," थोरली म्हणाली.

 उद्या सांगू, असं तिने जिना चढताना मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी दिराने तिच्यादेखत बायकोला चहा आणून दिला, आणि उद्याचं परवावर गेलं. सादरीकरणाचा दिवस येईपर्यंत ती मूग गिळून बसली.

त्या दिवशी बाहेरून एक परीक्षक आले होते, बांधकामात मुरलेले इंजिनिअर. धाकटी सुंदर बोलली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, की लिफ्टची ऑर्डर कधी देणार आणि परवाना कधी मिळणार. धाकटी थांबली. तिने तक्त्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. थोरली ज्याची वाट पाहत होती ते समोर घडत होतं, आणि त्यात तिला वाटली होती तशी गोडी नव्हती.

"याचा मी विचार केला नाही, सर," धाकटी म्हणाली. "माझ्या जाऊबाई याच कामात आहेत. त्यांना विचारायला हवं होतं. त्या नीट सांगतील."

थोरलीला उठावं लागलं. कामाचंच बोलायचं म्हटल्यावर भीती कुठल्या कुठे गेली. मापं कुणी घ्यायची, ऑर्डर कधी सोडायची, तपासणीवाले कशाला अडवतात, तोवर पेशंटची सोय कशी लावायची, सगळं तिने घडाघडा सांगितलं. परीक्षक मान डोलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं,

"इतकं माहीत आहे, तर ते तक्त्यात का नाही?"

 नजरेतून सुटलं, असं थोरलीने म्हणावं, तर आत्ताच बोललेलं सगळं खोटं ठरत होतं.

"तक्ता मी त्यांना आज सकाळी दाखवला, सर," धाकटी मध्येच म्हणाली. "उशीर माझ्याकडून झाला."

परीक्षकांनी टिपण केलं आणि पुढच्या गटाला बोलावलं. थोरली खाली बसली. सुटका झाल्याचं समाधान तिला वाटायला हवं होतं. तिला आणखीच जळायला झालं. अभ्यासात पुढे, बोलण्यात पुढे, आणि आता चांगुलपणातही हिनेच बाजी मारली.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. 

"तुम्हाला दिसलं होतं ना?" धाकटीने विचारलं.

"बघताक्षणीच."

"मग?"

"नाही सांगितलं."

धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. ती म्हणाली, तुम्ही माझ्यावर चिडल्या आहात हे मला कळत होतं, म्हणून तर मी सारखी तुमच्या पुढे पुढे करत होते. "पण जळण्यासारखं माझ्याकडे आहे काय?"

थोरलीने मोठं काहीतरी सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुझा नवरा शनिवारी स्वयंपाक करतो."

धाकटी तिच्याकडे वळली. "तो आपण होऊन करत नाही, ताई. मी भांडले तेव्हा करायला लागला. तुम्ही दादांना कधी म्हणालात?"

 थोरली कधीच म्हणाली नव्हती. न मागता मिळावं, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याच्या हातातला पेपर काढून घेतला आणि शनिवारचा स्वयंपाक आता त्याने करायचा, असं सांगितलं. तो गोंधळला. म्हणाला, तुला कुणाचा हात लागलेला आवडत नाही, असंच मी धरून चाललो होतो. पुढच्या शनिवारी त्याने भात असा शिजवला की पातेलं घासायला संध्याकाळी दोघांना बसावं लागलं. थोरली त्याला टाकून बोलली, पण सकाळची बस तिला न धावता मिळाली.

जावांचं मात्र लगेच सुरळीत झालं नाही. काही महिने दोघी वर्गात वेगवेगळ्या बाकांवर बसत. घरात कामापुरतं बोलत. सासूबाईंनी कारण विचारून पाहिलं, दोघींनीही सांगितलं नाही. तेवढ्या एका बाबतीत दोघी एक होत्या. परीक्षेच्या तोंडावर खर्चाच्या नियोजनाचा पेपर थोरलीला जड जायला लागला, तेव्हा ती स्वतःच जिना उतरून खाली गेली आणि मला हे समजत नाही म्हणाली. धाकटीने खुर्ची पुढे सरकवली.

निकालात धाकटी पहिली आली. थोरली चांगल्या गुणांनी पास झाली, आणि काही काळाने ऑफिसातला तो तरुण दुसरीकडे गेल्यावर ती जागा तिला मिळाली. पण निकालाच्या दिवशी त्या जागेचं काही ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावर दीर सगळ्यांना फोन करून बायकोचा पहिला नंबर आल्याचं सांगत होता, आणि थोरलीच्या पोटात नेहमीचं ते दुखायला लागलं होतं. ती तशीच खाली गेली.

"अभिनंदन," तिने धाकटीचा हात धरला. "अजून मनापासून नाही येत गं. पण येईल."

"येऊ दे सावकाश," धाकटी म्हणाली आणि तिला बसायला जागा करून दिली.