बिसेनचा व्हॉल्व्ह

दवाखान्यात महिनाभर कुणासोबत बसलं की दोन गोष्टी साठतात: कागद आणि किस्से. कागद ढोकेनं फाइलीत लावून ठेवलेत. किस्से माझ्या वाट्याला आले, कारण ढोके शेवट आधी सांगून मोकळा होतो!

आम्ही तिघं मराठी, पण हिंदी मुलखातल्या प्लांटच्या एकाच इलेक्ट्रिकल शॉपमधले. मी आणि बिसेन पॅनलवर, ढोके ऑफिसात. ढोके आणि मी कंपनीच्या रोलवर, म्हणून रिटायर झाल्यावरही आमच्याकडे मेडिकल बुक आहे, इलाजाचा खर्च कंपनीचा. बिसेननं अठ्ठावीस वर्षं माझ्याच बाजूला उभं राहून माझंच काम केलं, पण ठेकेदाराकडून. त्याला बुक नाही. आणि हृदयाचा व्हॉल्व्ह गेला तो नेमका त्याचा! बदलला नाही तर वर्ष निघणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. हातात काय, तर सरकारी इलाजाचं कार्ड.

*

ठेकेदाराचा माणूस म्हणजे काय, ते ऐका. एकदा पॅनल उघडताना मला आणि बिसेनला एकदमच झटका बसला. दोघंही आडवे! दवाखान्याची गाडी आली तसा ठेकेदाराचा मुन्शी ओरडत आला, “हमारे वाले को मत ले जाओ, एक्सीडेंट का कागज़ बन जाएगा!”

बिसेन पडल्यापडल्या म्हणाला, “मग करंटले सांगून ठेवा ना मुन्शीजी, मले लागू नको म्हणून. मी ठेकेदाराचा होय!”

मी त्याचा हात धरला तो सोडला नाही, म्हणून दोघांनाही एकाच गाडीत घालावं लागलं.

*

व्हॉल्व्हचं निदान सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी केलं. ऑपरेशन खासगीत कार्डावर होईल, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. बिसेन हात जोडायला लागला तशा त्या भडकल्याच. “वहाँ जाकर हाथ मत जोड़ना, काका. कार्ड दिखाना, नाम लिखवाना!”

तेव्हापासून बिसेन दवाखान्यात शिरताना दोन्ही हात खिशात घालायचा.

*

खासगीतल्या काउंटरवर एकच उत्तर. “सर्वर डाउन है.” सोमवारी डाउन, मंगळवारी डाउन, बुधवारी डाउन. वर हळूच, “कैश में कल ही हो जाएगा.”

घरी येऊन मी म्हटलं, “ढोके, तीन दिवस मशीन बंद, अन् मेंटेनन्सवाला येऊन नाही राहिला. बिचारे!” खोटं कशाला बोलू, मला खरंच दया आली. गुरुवारी मी टेस्टर, पक्कड आणि मीटर घेऊन गेलो. “कुठे आहे सर्वर? तीस वर्षं बंद पडलेलंच चालू केलंय आम्ही.”

मी पिशवीत हात घातला आणि सर्वर चालू झाला!

*

पण मंजुरी यायला वेळ होता. बसल्याबसल्या ढोकेला कुंडीमागे एक बोर्ड दिसला. रुग्णाचे हक्क! त्यानं कुंडी सरकवली. गार्ड धावला, “सामान मत हटाइए.”

ढोके म्हणाला, “पढ़ के वापस रख देंगे.” मग चष्मा चढवून त्यानं तो बोर्ड खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. बिलाचा तपशील मागण्याचा हक्क. आपले रिपोर्ट मिळण्याचा हक्क. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क. लॉबीतले लोक उठून जवळ आले. संपल्यावर मागून एक म्हातारी म्हणाली, “एक बेर अउ पढ़ दे बेटा, धीरे-धीरे.”

गार्डही ऐकत होता. कुंडी परत जागेवर ठेवायची त्याला आठवण राहिली नाही.

*

एक दिवस काउंटरवरचा पोरगा वैतागला. “फ्री में हो रहा है, फिर भी इतने सवाल?”

बिसेनची बायको, सुशीलावहिनी, आमच्याजवळच बसली होती. ती उठली. “फुकट कायचं रे? साबन घेतो, मोबाइलले रिचार्ज मारतो, तेच्यावरचा टॅक्स कोन भरते? तुहा बाप?”

पोरग्याला मराठी समजत नव्हतं. पण हे समजलं!

*

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं संमतीचा फॉर्म आणला. सगळा इंग्रजीत. “बस, यहाँ साइन.”

आता आमच्या प्लांटचा एक नियम सांगतो. दुरुस्तीसाठी मशीन बंद करायची तर आधी शटडाउन परमिट लिहायचं: काय बंद करतोय, कशासाठी, कोण. काम झालं की ज्यानं बंद केली त्यानंच त्यावर ‘काम पूर्ण’ लिहून सही करायची. त्याशिवाय कोणी चालू करायच्या बटणाला हात लावत नाही. आणि व्हॉल्व्ह बदलताना हृदय थांबवतात, हे बिसेनला कळलं होतं.

त्यानं पेन खाली ठेवलं. सर्जन आले. “क्या दिक्कत है?”

“साहब, मशीन आप बंद करोगे. परमिट कौन लिखेगा?”

एवढं भांडून मिळालेली तारीख हा माणूस घालवतो की काय! मी कानात म्हटलं, “कर ना बे सही, कावून अडून राहिला?”

“तू बिना परमिटचा कधी हात लावला होता का?” बिसेननं विचारलं.

डॉक्टरांना मी तो नियम समजावून सांगितला. मग ते स्टूल ओढून बसले आणि ढोकेच्या फाइलीतला कोरा कागद घेऊन हिंदीत लिहीत गेले. काय कापणार, कुठला व्हॉल्व्ह, धोका किती, हृदय किती वेळ बंद. खाली स्वतःचं नाव. सगळं वहिनीला वाचून दाखवलं. तेव्हा कुठे बिसेननं फॉर्मवर सही केली. “अब करो बंद!”

दुपार कशी गेली, ते मला सांगता येणार नाही. दार उघडून सर्जन बाहेर आले, तेव्हा ढोके रडायलाच लागला.

वहिनीनं पिशवीतून तो परमिटचा कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि कागद-पेन डॉक्टरांपुढे धरलं.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लिहिलं: काम पूरा. चार बजकर दस मिनट. मशीन चालू.